हमी सरकारची, हप्ता कोणाचा?

नमस्कार,

२०२३ मध्ये नोकरी सोडून मी कासारवडवलीला, घोडबंदर रोडलगत, कॉफी आणि शेकच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली. बँकेने सरकारी हमी योजनेखाली, तारण न घेता, २० लाखांचं मुदत कर्ज आणि ४ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज) दिली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग समोर मेट्रोचं आणि सेवा रस्त्याचं काम निघालं, शेजारी दोन नवे कॅफे आले आणि विक्री उतरली. जूनपर्यंत एकही हप्ता चुकवला नाही. जुलै आणि ऑगस्टचा मात्र भरता आला नाही. मोठे दीर म्हणतात, "सरकारची गॅरंटी आहे, तिची फी तू दरवर्षी भरतेस, मग सरकार भरेल की. दुकान बंद कर आणि मोकळी हो." शाखेतले साहेब म्हणतात, सासऱ्यांचा वर्तकनगरचा फ्लॅट तारण द्या, टॉप-अप देतो, त्यातून थकलेले हप्ते वळते करून घेऊ. कंपनी म्हणते, पाच वर्षांचं लॉक-इन आहे, आधी बंद केलंत तर दंड. खात्यात पैसे आले की बँक कापून घेते म्हणून काउंटरवर सध्या मिस्टरांच्या खात्याचा क्यूआर लावलाय. सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. महिन्याचा हिशेब सोबत जोडला आहे. काय करू?

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

ताई,

दिरांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तो मनापासून दिलेला असेल, पण तुम्हाला खड्ड्यात घालेल.

तुमच्या कर्जामागे जी हमी आहे ती सीजीटीएमएसई नावाच्या ट्रस्टची. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी २००० साली तो उभा केला. तारण नसलेल्या छोट्या उद्योजकाला बँका दारात उभं करत नव्हत्या, म्हणून सरकारने बँकांना सांगितलं की कर्ज बुडालं तर नुकसानीचा मोठा वाटा आम्ही सोसू. हा वाटा कर्जाच्या रकमेनुसार आणि कर्जदाराच्या वर्गानुसार साधारण ७५ ते ९० टक्के असतो. म्हणजे करार झाला बँक आणि ट्रस्टमध्ये. त्यात तुम्ही कुठेच नाही. दरवर्षी तुमच्या खात्यातून जी 'गॅरंटी फी' कापली जाते ती बँकेने भरायची असते, बँक ती तुमच्याकडून वसूल करते इतकंच. ती भरली म्हणून तुमच्या कर्जाचा विमा उतरला असं होत नाही. मुद्रा कर्जाचंही तसंच. त्यामागे वेगळा हमी निधी आहे, पण तोही बँकेसाठी. 'मुद्राचं माफ होतं' असं सांगणारे ठाण्यात गल्लोगल्ली भेटतात, माफीचं पत्र दाखवणारा अजून कोणी भेटलेला नाही.

आणि दिरांना कोणी सांगितलं नसेल ते हे. ट्रस्टकडे दावा लावायचा तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, व्हावं लागतं आणि, अगदी लहान रकमा सोडल्या तर, बँकेला आधी तुमच्यावर वसुलीची कायदेशीर कारवाई सुरू करावी लागते. दावा मंजूर झाला की ७५ टक्के रक्कम आधी मिळते, बाकीची वसुलीचं प्रकरण निकाली निघाल्यावर. तोवर बँकेने तुमच्यामागे लागणं सोडायचं नाही, आणि जे वसूल होईल त्यात ट्रस्टचाही वाटा. म्हणजे हमी आहे म्हणून बँक गप्प बसेल हा हिशेब उलटा आहे. हमी आहे म्हणूनच तिला कोर्टाची पायरी चढावी लागते. लघुउद्योग कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. 'सरकार भरेल' म्हणत निवांत राहिलेल्या कर्जदाराला पहिली नोटीस आली की त्याचा चेहरा बघवत नसे.

आता तारखा. तुमचा हप्ता ५ तारखेचा, पहिला थकला ५ जुलैचा. थकबाकीचे दिवस सर्वात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात. ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० मध्ये (एसएमए म्हणजे थकू लागलेल्या खात्यांची बँकेची इशारा-यादी), ६० पर्यंत एसएमए-१ मध्ये, ९० पर्यंत एसएमए-२ मध्ये, आणि ९० ओलांडले की एनपीए. ५ जुलैपासूनचे ९० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. एव्हाना सप्टेंबरचाही हप्ता गेला असणार, म्हणजे तुम्ही शेवटच्या टप्प्यात आहात. या आधी एक पूर्ण हप्ता, व्याजासकट, भरलात तर जुलैचा फिटतो आणि मोजणी ५ ऑगस्टपासून होते. महिनाभराची उसंत मिळते. पण खातं एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्त्यांनी ते वर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. शिवाय एनपीए खातं नसतं, कर्जदार असतो. मुदत कर्ज गेलं की सीसीही त्याच दिवशी गेली, आणि सीसी गोठली की दुधाचं आणि बीन्सचं बिल कशातून देणार?

तुमच्याकडे ६० हजारांची एफडी आहे असं हिशेबाच्या कागदावर कोपऱ्यात लिहिलंय. त्यातून एक हप्ता भरा. मात्र नुसता हप्ता भरून घरी येऊ नका, सोबत अर्ज द्या.

हा अर्ज पुनर्रचनेचा, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचा. आजारी लघुउद्योगांना सावरण्यासाठी सरकारने २०१५ मध्ये एक चौकट अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ती बँकांना लागू केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे. खातं एनपीए होण्याआधीच अडचण ओळखायची, १० लाखांवरचं प्रकरण बँकेच्या समितीपुढे ठेवायचं, आणि समितीने ठरवायचं की खातं दुरुस्त करायचं, पुनर्रचना करायची की वसुलीला जायचं. बँकेने स्वतःहून हे करायला हवं, पण कर्जदारही अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. ही चौकट बँकांवर बंधनकारक आहे, पण आपण सूक्ष्म किंवा लघुउद्योग आहोत हे कागदपत्रांनिशी वेळेत बँकेसमोर ठेवण्याची जबाबदारी कर्जदाराचीही आहे. एनपीएचा शिक्का बसल्यावर आणि जप्तीच्या वेळी 'मी एमएसएमई आहे' म्हणून उभं राहिलं तर उशीर झालेला असतो. तेव्हा तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) काढा, त्यावरचा व्यवसाय आणि पत्ता बरोबर आहे का बघा, आणि अर्जाला जोडा.

अर्जात रडगाणं नको. विक्री कधीपासून आणि किती घटली, कशामुळे, आणि तुम्ही काय मागता एवढंच. रस्त्याच्या कामाचे तारीख दिसणारे फोटो, जीएसटीची विवरणपत्रं, मागच्या बारा महिन्यांची विक्री. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने शाखेला आणि विभागीय कार्यालयाला पाठवा, ईमेलही करा. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी फाईलमध्ये त्याचा मागमूस राहत नाही, आणि साहेबांची तीन वर्षांत बदली होते.

आता सासऱ्यांचा फ्लॅट. नाही म्हणा. तुमचं कर्ज मंजूरच या अटीवर झालंय की मालमत्तेचं तारण नाही आणि तिऱ्हाइताचा जामीन नाही. थोडं तारण आणि थोडी हमी अशी एक मिश्र पद्धत योजनेत आहे, पण ती मंजुरीपत्रात लिहिलेली असते. तुमचं मंजुरीपत्र काढून वाचा. नसेल तर साहेबांना एवढंच लिहून विचारा की हमी योजनेखालच्या कर्जाला आता फ्लॅट तारण मागण्याचा आधार कोणता. बहुतेक वेळा लेखी उत्तर येत नाही. टॉप-अपमधून होतं काय, तर जुने हप्ते फिटलेले दिसतात, साहेबांचं तिमाहीचं खातं स्वच्छ राहतं, तुमचं कर्ज वाढतं आणि ज्या म्हाताऱ्या माणसाचा या धंद्याशी संबंध नाही त्याचं छप्पर त्यात अडकतं. साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या खुर्चीतून तो सोपा उपाय दिसतो.

मंजुरीपत्रात आणखी एक बघा. मिस्टर सहकर्जदार आहेत का? असतील तर तेही तुमच्याइतकेच देणेकरी. नसतील तर त्यांचा पगार आणि पीएफ या कर्जाच्या बाहेर आहे. आणि याच कारणासाठी तो क्यूआर आजच्या आज काढा. दुकानाची विक्री नवऱ्याच्या खात्यात जाते म्हणजे बँकेच्या नजरेत तुम्ही पैसा वळवताय. आज तुम्ही अडचणीतला प्रामाणिक कर्जदार आहात, पुनर्रचना मागताय. उद्या समितीपुढे स्टेटमेंट ठेवलं आणि सीसी खात्यात दोन महिने जमाच दिसली नाही, तर पहिला प्रश्न तोच येईल. वर जीएसटीचा घोळ, आणि मिस्टरांनाही आयकराला उत्तर देत बसावं लागेल. बँक कापून घेते हे खरं, पण त्यासाठी उपाय वेगळा. घरखर्चाचं आणि मुलांच्या फीचं बचत खातं त्या बँकेत ठेवू नका, कारण आपल्याकडच्या खात्यातली शिल्लक कर्जाला वळती करण्याचा हक्क बँकेला असतो. दुकानाचा पैसा मात्र दुकानाच्या खात्यातूनच फिरला पाहिजे.

तसंच यंत्रांचं. एस्प्रेसो मशीन, दोन डीप फ्रीझर, ब्लेंडर हे सगळं बँकेकडे हायपोथिकेशनवर आहे, म्हणजे वापर तुमचा पण माल बँकेकडे गहाण. हप्त्यासाठी मशीन विकायचा विचार मनात आला असेल तर सोडा. कर्ज थकणं हा दिवाणी मामला, त्यासाठी कोणी अटक करत नाही. पण बँकेला न विचारता गहाण माल विकला तर तो फौजदारी होऊ शकतो. चेकचंही तसंच. बँक, कंपनी, गाळामालक यांच्यापैकी कोणाकोणाकडे सही केलेले चेक आहेत त्याची यादी करा. चेक परत गेला तर समोरच्याने ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर तुमच्याकडे १५ दिवस, त्यानंतर कलम १३८ खाली खटला. 'तो तर सिक्युरिटीचा चेक होता' एवढ्यावर सुटका होत नाही, चेक टाकला त्या दिवशी देणं होतं का हे कोर्ट बघतं. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी तसाच दुसरा कायदा आहे. म्हणून नोटीस आली की पिशवीत टाकून ठेवू नका.

इथवर बँकेचं झालं. पण पुनर्रचना मागायची की नाही, हे दुकान ठरवणार. तुमचा हिशेब मी बसून मांडला. जीएसटी वगळून महिन्याची विक्री २ लाख ६० हजार, म्हणजे दिवसाला साधारण ८,७०० रुपये. त्यातून कंपनीकडूनच घ्यावा लागणारा माल ४६ टक्के आणि रॉयल्टी ६ टक्के. रुपयातले ४८ पैसे तुमचे, म्हणजे १ लाख २५ हजारांच्या आसपास. गाळ्याचं भाडं ६२ हजार, दोन मुलांचा पगार ३४ हजार, वीज आणि किरकोळ १३ हजार, सीसीचं व्याज पावणेचार हजार. उरतात १२ हजार. हप्ता ३४,२५० चा. दरमहा २२ हजार कमी पडतात आणि तुमचा पगार शून्य. सकाळी नऊ ते रात्री अकरा उभं राहून.

मुदत कर्जाची बाकी साधारण १६ लाख ४० हजार आहे. ११ टक्क्यांनी ती आठ वर्षांवर नेली तर हप्ता पावणेसव्वीस हजारांवर येतो. तरीही पुरत नाही. म्हणजे फक्त बँकेने दया दाखवून भागणार नाही, गाळामालकानेही १० हजार कमी केले पाहिजेत. समोर खोदकाम असताना घोडबंदर रोडवर नवा भाडेकरू मिळणं त्यालाही सोपं नाही, तेव्हा वर्षभरापुरती सवलत मागा आणि करारात लिहून घ्या. हप्ता आणि भाडं दोन्ही उतरलं, आणि रोजची विक्री १० हजारांवर गेली, तर सगळं जाऊन तुमच्या हातात १५ हजार राहतात. माझ्या मते तीच तुमची रेघ. पुढचे सहा महिने रोज रात्री गल्ला मोजताना १० हजारांचा आकडा बघा. दिवाळी आणि डिसेंबर धरूनही सरासरी तिथे पोचली नाही, तर पुनर्रचना म्हणजे मरण लांबवणं, आणि दरम्यान मिस्टरांच्या पगारातून आणि दागिन्यांतून दुकान पोसलं जाईल. सोनं गहाण ठेवून हप्ता भरू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपांकडे तर बघूही नका. 

कंपनीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, त्या मर्यादेतली वाजवी भरपाई मिळते. तेव्हा दंडाच्या धमकीने गारठू नका, पण करारातलं लवादाचं कलम वाचून ठेवा. रॉयल्टी सहा महिने माफ करा असं लिहून मागा. 'अठरा महिन्यांत गुंतवणूक वसूल' असं ज्या ब्रोशरमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं ते जपून ठेवा, वाटाघाटीत उपयोगी पडेल. मात्र कंपनीने फसवलं म्हणून बँकेचं देणं कमी होत नाही. दोन्ही भांडणं वेगळी. कंपनी दुसरा चालक आणून दुकान त्याच्या नावावर करायला तयार झाली तर तो सगळ्यात स्वस्त सुटकेचा मार्ग, फक्त बँकेची लेखी संमती आधी.

आणि बंदच करायचं ठरलं तर? गाळ्याचं डिपॉझिट आणि कंपनीकडची अनामत परत मिळवा, ती रक्कम कर्जात भरा आणि यंत्रं बँकेच्या संमतीने विका. खातं एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता गहाण माल ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला हरकतीचं उत्तर द्या, त्यात पुनर्रचनेचा अर्ज आणि उद्यम क्रमांक पुन्हा लिहा. बँकेने १५ दिवसांत त्यावर उत्तर द्यायचं असतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. हे सगळं गहाण मालापुरतं, म्हणजे तुमच्या यंत्रांपुरतं. फ्लॅट गहाण नाही, म्हणून तो या नोटिशीत येऊच शकत नाही, आणि मी फ्लॅट देऊ नका म्हणतोय त्याचं अर्धं कारण हेच. उरलेल्या रकमेसाठी बँक दावा लावेल. दावा लावताना दोन्ही कर्जांची मिळून बाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर तोही दिवाणी कोर्टात न जाता न्यायाधिकरणात जाईल.

हे घडत असतानाच तडजोडीची दारं उघडी असतात. एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएस, बँकेत मागा किंवा राष्ट्रीय लोकअदालतीत. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, तेव्हा रक्कम आणि तारखा पक्क्या झाल्याशिवाय सही करू नका. तडजोड झाली की सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि त्या बँकेकडून किमान वर्षभर नवं कर्ज मिळत नाही. त्याचं मला फार वाटत नाही. तुम्हाला पुढचं वर्षभर नवं कर्ज घ्यायचंच नाहीये. 'राइट-ऑफ झालं' असं कोणी म्हणालं तर मात्र हुरळू नका, ती बँकेच्या वहीतली नोंद आहे, तुमचं देणं तसंच उभं असतं.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू शकत नाहीत. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन गेले तर तारीख-वेळ टिपून बँकेत तक्रार द्या, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे पैसे लागत नाहीत. वकीलही तुम्हाला फुकट मिळू शकतो. ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्री अर्जदाराला तिथे उत्पन्नाची अट नाही.

सासऱ्यांना मात्र या आठवड्यातच सांगा. नोटीस घरच्या पत्त्यावर रजिस्टरने येते आणि दुपारी घरी तेच असतात. शिवाय साहेबांनी फ्लॅटसाठी उद्या परस्पर त्यांनाच फोन लावला, तर काय उत्तर द्यायचं ते त्यांना आधी माहीत असलेलं बरं.